मनोविकार आणि साहाय्यित मृत्यू : एक नैतिक विवेचन

सारांश

असाध्य शारीरिक व्याधीने ग्रस्त असलेल्या रुग्णास वैद्यकीय साहाय्याने मृत्यू स्वीकारण्याची मुभा असावी काय, हा प्रश्न गेली सुमारे पन्नास वर्षे जगभर चर्चिला जात आहे. ज्या रुग्णाची व्याधी केवळ मानसिक आहे, त्याच्या बाबतीत हाच प्रश्न अधिक बिकट होतो. कारण मृत्यूची इच्छा हा त्याचा विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे की त्याच्या व्याधीचेच लक्षण आहे, हे आधी ठरवावे लागते. प्रस्तुत लेखात नेदरलँड्स, बेल्जियम, स्वित्झर्लंड व कॅनडा या देशांतील कायदे, न्यायनिर्णय व अभ्यास यांच्या आधारे या वादाची मांडणी केली असून त्यानंतर भारतीय कायद्याची भूमिका तपासली आहे. मानसिक वेदना खरी असते हे पूर्णपणे मान्य करूनही, 'याच्यात यापुढे सुधारणा होणे नाही' असे एका विशिष्ट रुग्णाविषयी खात्रीने सांगण्याइतके ज्ञान मनोविकारशास्त्राकडे आज नाही. तसेच जेथे उपचारच पोहोचलेले नाहीत तेथे असाध्यतेची भाषा करणे अन्याय्य ठरते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : साहाय्यित मृत्यू, इच्छामरण, मनोविकार, स्वायत्तता, निर्णयक्षमता, असाध्यता, मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७.

१. प्रस्तावना

'इच्छामरणास कायदेशीर मान्यता असावी काय?' हा आपल्याकडील महाविद्यालयीन वक्तृत्व व वादविवाद स्पर्धांचा जुना विषय आहे. या विषयावर बोलणारा विद्यार्थी अनुकूल असो वा प्रतिकूल, त्याच्या डोळ्यांसमोर बहुधा एकच चित्र असते : कर्करोगाच्या अंतिम अवस्थेत अंथरुणाला खिळलेला किंवा वर्षानुवर्षे बेशुद्धावस्थेत असलेला रुग्ण. मृत्यू समीप आहे, वेदना दिसते आहे आणि वैद्यकाचे उपाय संपले आहेत, अशी ही परिस्थिती असते. मात्र ज्याचे शरीर धडधाकट आहे, ज्याला अजून तीस-चाळीस वर्षे आयुष्य आहे, परंतु तीव्र अवसादामुळे किंवा अन्य मनोविकारामुळे ज्याला जगणे असह्य झाले आहे, अशा व्यक्तीने तीच मागणी केली तर काय करावे, याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही.

युरोपातील काही देशांत मात्र हा प्रश्न गेली तीन दशके प्रत्यक्षात हाताळला जात आहे आणि कॅनडाच्या संसदेला तो २०२१ पासून पुन्हा पुन्हा पुढे ढकलावा लागला आहे. तत्त्वज्ञान, वैद्यक, कायदा, मानसशास्त्र व समाजशास्त्र या पाचही शाखांना स्पर्श करणारा हा विषय असल्याने त्याचे विवेचन कोणत्याही एका शाखेच्या चौकटीत पुरे होत नाही. प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे तीन आहेत : (१) या वादाचा कायदेशीर इतिहास थोडक्यात सांगणे, (२) दोन्ही बाजूंच्या युक्तिवादांची तपासणी करणे आणि (३) भारतीय परिस्थितीत या वादाचा अर्थ काय होतो हे स्पष्ट करणे.

२. संकल्पनांची स्पष्टता

'दयामरण' आणि 'इच्छामरण' हे शब्द मराठीत अनेकदा एकमेकांऐवजी वापरले जातात. दयामरणात इतरांची करुणा केंद्रस्थानी असते, तर इच्छामरणात त्या व्यक्तीची स्वतःची इच्छा. औषधोपचार किंवा जीवरक्षक यंत्रणा काढून घेऊन नैसर्गिक मृत्यू होऊ देणे यास 'निष्क्रिय' आणि वैद्यकाने औषध देऊन मृत्यू घडवून आणणे यास 'सक्रिय' असे म्हटले जाते. वैद्यकाने साधन पुरवावे व रुग्णाने ते स्वतः वापरावे, हा तिसरा प्रकार होय. सक्षम व्यक्तीच्या स्वतःच्या विनंतीवरून होणाऱ्या शेवटच्या दोन्ही प्रकारांसाठी प्रस्तुत लेखात 'साहाय्यित मृत्यू' ही एकच संज्ञा वापरली आहे.

स्वेच्छेने पत्करलेल्या मृत्यूचे वेगवेगळे प्रकार ओळखणे आपल्या परंपरेला नवीन नाही. आत्महत्या, प्रायोपवेशन, समाधी, सल्लेखना हे शब्द समानार्थी मानले गेलेले नाहीत. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी १९६४ साली 'आत्महत्या आणि आत्मार्पण' या लेखात हाच भेद मांडला आणि १९६६ साली अन्न व औषध वर्ज्य करून देह ठेवला. या सर्व भेदांचा आधार कृती हा नसून मनाची अवस्था हा आहे. नैराश्याने जीवन संपविणे वेगळे आणि कृतार्थतेने त्याचा निरोप घेणे वेगळे, असे ही परंपरा सांगते. नेमक्या याच ठिकाणी मनोविकाराचा प्रश्न अडचणीचा ठरतो. ज्या मनाच्या अवस्थेवरून निर्णयाची पारख करावयाची, ती अवस्थाच व्याधिग्रस्त असेल तर पारख कशाच्या आधारे करावी?

३. नेदरलँड्स : प्रश्नाची पहिली मांडणी

या वादाचा आरंभबिंदू म्हणून डच सर्वोच्च न्यायालयाने २१ जून १९९४ रोजी दिलेल्या निर्णयाकडे पाहिले जाते. बाउडवाइन शाबो या मनोविकारतज्ज्ञाकडे पन्नास वर्षे वयाची एक स्त्री आली होती. तिचा एक मुलगा आत्महत्येने व दुसरा कर्करोगाने गेला होता. तिला कोणतीही शारीरिक व्याधी नव्हती; परंतु पुत्रशोकातून बाहेर पडण्याची तिची इच्छा उरली नव्हती आणि उपचार घेण्यास ती राजी नव्हती. शाबो यांनी अनेक तज्ज्ञांचे मत घेतले व १९९१ साली तिला मृत्यूसाठी साहाय्य केले.

न्यायालयाच्या निर्णयात दोन बाबी महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की, वेदनेचे मूळ शरीरात आहे की मनात, यावरून तिची तीव्रता ठरत नाही. म्हणून केवळ मानसिक वेदनेच्या प्रकरणातही वैद्यक 'अपरिहार्यते'चा बचाव घेऊ शकतो. दुसरी अशी की, अशा प्रकरणात असाधारण सावधगिरी आवश्यक आहे. ज्यांचे मत घेण्यात आले त्यांच्यापैकी एकाही स्वतंत्र तज्ज्ञाने त्या स्त्रीला प्रत्यक्ष तपासले नव्हते. या कारणास्तव शाबो यांना दोषी ठरविण्यात आले. मात्र शिक्षा देण्यात आली नाही. वास्तवात उपलब्ध असलेला उपचार रुग्णाने मुक्तपणे नाकारला असेल, तर त्याची वेदना 'आशाहीन' म्हणता येणार नाही, असेही न्यायालयाने सूचित केले. पुढील सर्व चर्चा या दोन टोकांमध्येच फिरत राहिली आहे.

१ एप्रिल २००२ रोजी अमलात आलेल्या डच कायद्याने शारीरिक व मानसिक वेदना असा भेद केला नाही. विनंती स्वेच्छेची व विचारपूर्वक असावी, वेदना असह्य व सुधारणेची शक्यता नसलेली असावी, रुग्णास संपूर्ण माहिती दिलेली असावी, अन्य वाजवी पर्याय नसल्याबाबत वैद्यक व रुग्ण या दोघांचीही खात्री झालेली असावी, स्वतंत्र वैद्यकाने रुग्णाला प्रत्यक्ष पाहिलेले असावे आणि कृती योग्य वैद्यकीय काळजीने व्हावी, या त्यातील अटी होत. प्रत्येक प्रकरणाची तपासणी मृत्यूनंतर प्रादेशिक समित्या करतात.

आरंभीची काही वर्षे मनोविकाराची प्रकरणे अगदी विरळ होती. २०१० साली अशी केवळ २ प्रकरणे नोंदली गेली. २०२३ मध्ये ही संख्या १३८ झाली आणि २०२४ मध्ये २१९. त्या वर्षीच्या एकूण ९,९५८ प्रकरणांत हे प्रमाण सुमारे २.२ टक्के भरते. एकूण संख्येच्या तुलनेत ते अल्प असले, तरी वाढीचा वेग डच मनोविकारतज्ज्ञांमध्येही मतभेद निर्माण करणारा ठरला आहे.

ही प्रकरणे कोणाची असतात, याविषयी अमेरिकन संशोधक स्कॉट किम व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास उद्बोधक आहे. डच समित्यांनी प्रसिद्ध केलेले २०११ ते २०१४ या काळातील ६६ अहवाल त्यांनी तपासले. त्यांत ७० टक्के स्त्रिया होत्या. निम्म्याहून अधिक रुग्णांत व्यक्तिमत्त्व विकाराची नोंद होती. ५६ टक्के अहवालांत एकाकीपणाचा किंवा सामाजिक विलगतेचा उल्लेख होता आणि २४ टक्के प्रकरणांत सल्लागार तज्ज्ञांमध्येच मतभेद होते.

४. बेल्जियम व स्वित्झर्लंड

बेल्जियमचा कायदाही २००२ सालचाच आहे. ज्या रुग्णाचा मृत्यू समीप नाही, त्याच्यासाठी या कायद्याने दोन जादा अटी घातल्या : मनोविकारतज्ज्ञाचा किंवा त्या व्याधीच्या तज्ज्ञाचा दुसरा अभिप्राय आणि लेखी विनंतीनंतर किमान एक महिन्याचा काळ.

बेल्जियममधील मनोविकारतज्ज्ञ लिव्ह तिएनपोंट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. २००७ ते २०११ या काळात मानसिक वेदनेच्या कारणास्तव साहाय्यित मृत्यूची विनंती करणाऱ्या १०० रुग्णांची ती नोंद होती. त्यांपैकी ४८ विनंत्या मान्य झाल्या व ३५ प्रत्यक्षात आल्या. उरलेल्या १३ जणांपैकी ८ जणांनी निर्णय लांबणीवर टाकला किंवा रद्द केला. कारण हा मार्ग उपलब्ध आहे एवढ्या जाणिवेनेच त्यांना जगत राहण्याइतकी मनःशांती लाभली. या ८ व्यक्तींचा अर्थ दोन्ही पक्ष आपापल्या परीने लावतात. समर्थक म्हणतात, मार्ग खुला ठेवल्याने माणसे वाचतात. विरोधक म्हणतात, ज्यांची वेदना असह्य व आशाहीन असल्याचे तज्ज्ञांनी प्रमाणित केले होते, त्यांतील काही जणांना जगणे शक्य झाले. मग उरलेल्या ३५ जणांविषयी त्या प्रमाणपत्रावर किती विसंबावे? हे दोन्ही अर्थ त्याच आकडेवारीतून निघतात, हे विशेष आहे.

युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०२२ साली 'मोर्टिए विरुद्ध बेल्जियम' या खटल्यात निर्णय दिला. दीर्घकाळ अवसादाने ग्रस्त असलेल्या एका स्त्रीचा २०१२ मध्ये साहाय्याने मृत्यू झाला व तिच्या मुलाला ते दुसऱ्या दिवशी समजले. न्यायालयाने बेल्जियमचा कायदा किंवा ती कृती जीवनाच्या हक्काचा भंग ठरविली नाही. परंतु मृत्यूनंतर होणाऱ्या तपासणीत ती कृती करणाऱ्या वैद्यकाचाच सहभाग असल्याने तपासणीची स्वतंत्रता सिद्ध होत नाही आणि पुढील फौजदारी चौकशीही वेळेवर झाली नाही, म्हणून भंग झाल्याचे ठरविले. कायद्यातील अटी कागदावर कितीही कडक असल्या, तरी त्या राबविणारी यंत्रणा स्वतंत्र नसेल तर त्यांचा उपयोग नाही, हा या निर्णयाचा धडा होय.

स्वित्झर्लंडमधील स्थिती निराळी आहे. तेथील दंडसंहितेच्या ११५ व्या कलमानुसार स्वार्थी हेतूने केलेले साहाय्यच तेवढे दंडनीय आहे. द्विध्रुवीय विकाराने ग्रस्त असलेल्या एका व्यक्तीच्या अर्जावर तेथील संघीय न्यायालयाने २००६ साली एक महत्त्वाचा भेद केला : मृत्यूची इच्छा ही उपचारक्षम विकाराची अभिव्यक्ती असेल तर ती रोखली पाहिजे, ती सक्षम व्यक्तीचा विचारपूर्वक व स्थिर निर्णय असेल तर तिचा आदर केला पाहिजे. या दोहोंतील फरक ठरविण्यासाठी मनोविकारतज्ज्ञाचा सखोल अहवाल आवश्यक मानला गेला. २०११ साली युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने याच प्रकरणात, आपल्या मृत्यूची वेळ व रीत ठरविणे हा खासगी जीवनाच्या हक्काचा भाग असल्याचे मान्य केले. मात्र त्यासाठी साधन उपलब्ध करून देण्याचे बंधन राज्यावर नाही, असेही स्पष्ट केले.

५. कॅनडा : वारंवार लांबलेला निर्णय

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली 'कार्टर' खटल्यात साहाय्यित मृत्यूवरील सरसकट बंदी घटनाबाह्य ठरविली. त्यानंतर जून २०१६ मध्ये झालेल्या कायद्याने ही मुभा, ज्यांचा मृत्यू 'वाजवीपणे अपेक्षित' आहे अशांपुरती मर्यादित ठेवली. क्वेबेकच्या वरिष्ठ न्यायालयाने २०१९ मध्ये ती मर्यादा रद्द केल्यावर संसदेने १७ मार्च २०२१ रोजी कायदा दुरुस्त केला. मृत्यू समीप नसलेल्या रुग्णांसाठी किमान ९० दिवसांच्या मूल्यमापनाचा दुसरा मार्ग निर्माण झाला. मात्र ज्यांची व्याधी केवळ मानसिक आहे त्यांना तूर्त वगळण्यात आले व ही वगळणूक दोन वर्षांनी संपेल असे ठरले.

ती दोन वर्षांनी संपली नाही. मार्च २०२३ मध्ये एका कायद्याने ही मुदत एका वर्षाने वाढविली आणि फेब्रुवारी २०२४ मधील दुसऱ्या कायद्याने ती थेट १७ मार्च २०२७ पर्यंत नेली. आरोग्ययंत्रणा यासाठी सज्ज नाही, हे कारण देण्यात आले. येथे तत्त्वाचा प्रश्न सुटला नव्हता असे नाही; संसदेने तत्त्व स्वीकारले होते. अडले ते अंमलबजावणीत : सुधारणा अशक्य आहे हे कोणी व कसे ठरवावे, आणि उपचारांसाठी दीर्घकाळ ताटकळणाऱ्या रुग्णाला मृत्यूचा मार्ग उपचाराआधी खुला होऊ नये याची हमी कोणी द्यावी? मार्च २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या समितीने, मृत्यू समीप नसलेल्यांसाठीचा हा मार्गच रद्द करावा अशी शिफारस कॅनडाला केली.

६. वादाचे प्रमुख मुद्दे

(अ) समानतेचा युक्तिवाद : समर्थकांचा सर्वांत प्रबळ युक्तिवाद समानतेचा आहे. शरीराची वेदना खरी व मनाची वेदना दुय्यम, असे मानणे हाच मनोरुग्णांविषयीचा जुना पूर्वग्रह होय. केवळ निदानाच्या नावावरून एखाद्याला हक्कापासून दूर ठेवणे भेदभावाचे ठरते. या युक्तिवादाचा पहिला भाग निःसंशय बरोबर आहे. तीव्र अवसादाची वेदना कोणत्याही शारीरिक वेदनेहून कमी नसते. परंतु वेदना समान असल्या तरी त्यांविषयीचे आपले ज्ञान समान असेलच असे नाही. तसेच समानतेची हीच भाषा अपंगांच्या हक्कांसाठी झटणारे विरोधकही वापरतात. इतरांनी मरणाची इच्छा व्यक्त केली की समाज त्यांना परावृत्त करतो. अपंग व मनोरुग्ण यांनी ती व्यक्त केली की समाज साहाय्य देऊ करतो, हाही भेदभावच नव्हे काय, असा त्यांचा प्रश्न आहे.

(आ) निर्णयक्षमतेचा प्रश्न : मनोविकार आहे म्हणजे निर्णयक्षमता नाही, हे समीकरण चुकीचे आहे. बहुसंख्य मनोरुग्ण आपल्या उपचारांविषयी व व्यवहारांविषयी निर्णय घेऊ शकतात. तथापि निर्णयक्षमतेच्या प्रचलित कसोट्या प्रामुख्याने बौद्धिक आहेत : माहिती समजणे, परिणाम जाणणे, निर्णय सांगता येणे. तीव्र अवसादात ही क्षमता बहुधा शाबूत असते. बिघडते ते भविष्याचे मूल्यमापन. आपण इतरांना भार आहोत, काहीही बदलणार नाही, ही खात्री तर्काने मांडता येते. पण ती खात्री व्याधीनेच पुरविलेली असू शकते. अशा व्यक्तीची परीक्षा घेतली तर ती उत्तीर्ण होईल आणि तरीही निर्णय तिचा आहे की व्याधीचा, हे कळणार नाही.

(इ) असाध्यतेचा प्रश्न : सर्वांत कठीण मुद्दा हा आहे. कर्करोगाच्या प्रसाराचा अंदाज पेशींच्या तपासणीवरून व प्रतिमांवरून बांधता येतो. मनोविकाराच्या वाटचालीचा तसा अंदाज देणारी चाचणी उपलब्ध नाही. अमेरिकेत सुमारे ४ हजार अवसादग्रस्तांवर झालेल्या व २००६ साली प्रसिद्ध झालेल्या 'स्टार-डी' या अभ्यासात उपचारांचे चार टप्पे होते. पहिल्या टप्प्यात सुमारे ३७ टक्के, दुसऱ्यात ३१ टक्के, तिसऱ्यात १४ टक्के व चौथ्यात १३ टक्के रुग्ण लक्षणमुक्त झाले. एकूण प्रमाण ६७ टक्के असावे, असा मूळ संशोधकांचा अंदाज होता. २०२३ मधील पुनर्विश्लेषणात ते सुमारे ३५ टक्केच असल्याचे दाखविण्यात आले. म्हणजे मनोविकारशास्त्राच्या यशाविषयी फुशारकी मारण्यास जागा नाही. परंतु तीन उपचार निष्फळ ठरल्यावरही चौथ्या टप्प्यात काही जण बरे झाले, आणि ते कोण असतील हे आधी सांगता आले नव्हते, हेही तितकेच खरे आहे.

व्यक्तिमत्त्व विकाराबाबत हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. किम यांच्या अभ्यासातील निम्म्याहून अधिक व्यक्तींत या गटातील विकारांची नोंद होती. या गटातील 'सीमावर्ती' विकार पूर्वी जवळपास असाध्य समजला जाई. अमेरिकेतील मेरी झनारिनी यांच्या गटाने अशा रुग्णांचा दहा वर्षे पाठपुरावा करून २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९३ टक्के रुग्णांत किमान दोन वर्षे टिकणारी लक्षणमुक्ती आढळली. मात्र सामाजिक व व्यावसायिक जीवनासह खऱ्या अर्थाने सावरलेले सुमारे निम्मेच होते. काळ हाच ज्या विकाराचा एक उपचार आहे, त्यात 'आशाहीन' हा शब्द कोणत्या वर्षी उच्चारावा?

(ई) वैद्यकाच्या भूमिकेचा प्रश्न : मनोविकारतज्ज्ञाच्या उपचारात आशा हे एक साधन असते. रुग्णाची आशा संपली असता ती काही काळ त्याच्या वतीने वैद्यक सांभाळतो. त्याच वैद्यकाने 'आता आशा नाही' असे प्रमाणित केले, तर ते केवळ निदान राहत नाही. रुग्णाच्या मनातील सर्वांत काळ्या विचाराला मिळालेले ते तज्ज्ञाचे अनुमोदन ठरते. उलट बाजूने असेही म्हटले जाते की, ज्या वैद्यकाशी मृत्यूच्या इच्छेविषयी बोलताच येत नाही त्याच्यापासून रुग्ण दूर जातो. मोकळेपणाने ऐकणे आवश्यक आहे, हे मान्यच केले पाहिजे. परंतु ऐकणे आणि संमती देणे या एकच गोष्टी नव्हेत.

७. भारतीय संदर्भ

वरील चारही देशांत प्रश्न 'साहाय्य द्यावे काय' असा आहे. भारतीय कायदा त्या टप्प्यावर आलेला नाही. परंतु मृत्यूची इच्छा व मनोविकार यांच्या संबंधाचा विचार येथील न्यायालयांनी बराच आधी केलेला आहे आणि त्याचा प्रारंभ मुंबईत झाला. 'मारुती श्रीपती डुबल विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या खटल्यातील अर्जदार अपघातानंतर मानसिक आजार जडलेला एक पोलीस शिपाई होता. त्याच्यावर आत्महत्येच्या प्रयत्नाबद्दल भारतीय दंड संहितेच्या ३०९ व्या कलमाखाली खटला भरण्यात आला होता. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने १९८६ साली हे कलम घटनाबाह्य ठरविले. मानसिक विकारामुळे असा प्रयत्न करणाऱ्यास उपचारांची गरज आहे, तुरुंगाच्या कोठडीची नव्हे, हा त्या निकालातील विचार आजही महत्त्वाचा आहे. त्याच निकालात जगण्याच्या हक्कात न जगण्याचा हक्कही अंतर्भूत मानला गेला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली 'पी. रथिनम' खटल्यात हीच भूमिका घेतली. परंतु १९९६ साली 'ग्यान कौर' खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ती नाकारली.

पुढे अरुणा शानबाग प्रकरणात २०११ साली निष्क्रिय दयामरणास सशर्त मान्यता मिळाली. प्रत्यक्षात त्यांच्याविषयीचा अर्ज मात्र फेटाळण्यात आला. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका व कर्मचारी, जे त्यांची दशकानुदशके शुश्रूषा करीत होते, त्यांनी त्या अर्जास विरोध केला होता. २०१८ च्या 'कॉमन कॉज' निर्णयाने प्रतिष्ठेने मरण्याचा हक्क व पूर्वनिर्देश यांस मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची कार्यपद्धती सुलभ करण्यात आली. ही मान्यता उपचार थांबविण्यापुरती आहे. सक्रिय साहाय्यास भारतात मुभा नाही.

या पार्श्वभूमीवर मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ लक्षणीय ठरतो. त्याचे चौथे कलम असे सांगते की, माहिती समजणे, परिणाम जाणणे आणि निर्णय व्यक्त करणे शक्य असेल तर मनोरुग्णासही आपल्या उपचारांविषयी निर्णय घेण्यास सक्षम मानले पाहिजे. ११५ वे कलम असे सांगते की, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, उलट सिद्ध न झाल्यास, तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरावे, तिला शिक्षा करू नये आणि तिची काळजी, उपचार व पुनर्वसन यांची जबाबदारी शासनाने घ्यावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३०९ व्या कलमातील जुना सर्वसाधारण गुन्हा उरलेला नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न मात्र दंडनीय आहे. मनोरुग्णाच्या निर्णयाचा सामान्यतः आदर आणि त्याच्या मृत्यूच्या इच्छेकडे मात्र वेदनेची हाक म्हणून पाहणे, अशी ही दुहेरी भूमिका आहे. ती वरवर विसंगत वाटते. पण चुकीची किंमत दोन्ही ठिकाणी सारखी नसते, हे ध्यानात घेतल्यास ती सुसंगत ठरते. उपचाराबाबतचा चुकीचा निर्णय बदलता येतो. मृत्यूचा बदलता येत नाही.

तथापि कायद्याने दिलेले आश्वासन व वास्तव यांत मोठे अंतर आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार विविध मनोविकारांत उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के होते. ज्या समाजात दहांपैकी सात ते नऊ रुग्णांपर्यंत पहिलाच उपचार पोहोचत नाही, तेथे 'सर्व उपाय थकले' असे कोणाविषयी म्हणता येईल?

८. समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. मानसिक वेदना खरी असते. ती नाकारून या मागणीस उत्तर देता येत नाही. मनोविकार म्हणजे निर्णयक्षमतेचा अभाव, हे समीकरणही टिकत नाही. साहाय्यित मृत्यूचा कायदा मनोविकारांना लागू करण्यास खरा अडसर आहे तो असाध्यतेच्या ज्ञानाचा. समूहाविषयीची टक्केवारी आपणांस ठाऊक आहे. समोर बसलेली व्यक्ती त्यातील कोणत्या भागात मोडते, हे ठाऊक नाही. हे अज्ञान दूर होईपर्यंत आणि उपचारांची उपलब्धता हा खरा हक्क होईपर्यंत, केवळ मनोविकाराच्या आधारे मृत्यूस साहाय्य न देणे हीच अधिक सुरक्षित भूमिका होय.

या भूमिकेची किंमत आहे आणि ती लपवू नये. काही थोडे रुग्ण असे असतील की ज्यांना कोणत्याही उपचाराने आराम पडणार नाही; आपल्या सावधगिरीचा भार त्यांना वाहावा लागेल. त्यांना नकार देणाऱ्या समाजावर त्यांच्या सोबतीचे ऋण असते. बरे करणे शक्य नसेल तेव्हाही वेदना हलकी करणे, निवारा, सहवास व प्रतिष्ठा देणे या दृष्टीने काही मनोविकारतज्ज्ञ उपशामक सेवेची कल्पना मनोविकारांपर्यंत नेऊ पाहत आहेत. तिचे स्वागत केले पाहिजे. असे काहीच न करता केवळ नकार देणे हे नैतिकतेचे नव्हे, उदासीनतेचे लक्षण ठरेल.

अध्यापकांच्या दृष्टीने या विषयास आणखी एक बाजू आहे. विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी 'सुकदेव साहा' प्रकरणात मानसिक आरोग्य हा जीवनाच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगून शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. इच्छामरणावरील वादविवादात अनुकूल व प्रतिकूल बाजू वाटून देताना, समोरच्या वर्गात हा प्रश्न ज्याच्यासाठी केवळ स्पर्धेचा विषय नाही असा एखादा विद्यार्थी बसलेला असू शकतो, याचे भान आपण ठेवावयास हवे. शासनाची 'टेली-मानस' ही विनाशुल्क दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून उपलब्ध आहे. ती विद्यार्थ्यांना सांगावी. आणि तो क्रमांक फिरविण्याआधी त्याला ज्याच्याशी बोलावेसे वाटेल, असा एक तरी अध्यापक प्रत्येक महाविद्यालयात असावा.